कोचबाईंसाठी केलेले पोहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही — आणि हे तर असे, की मी आमटीत गूळ घालायला विसरले तरी पहिल्या घासाला ओळखायचे. हे एवढं मात्र त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आमच्या नात्यातले नाही, इथल्या मराठी मंडळातले नाही, उद्या इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडताना समोर येणार नाही. एवढं कारण पुरे आहे म्हणायचं.

सुरुवात बास्केटबॉलपासून करावी लागेल. हसा, हसा. सांगलीची बाई, वय ऐंशीच्या घरात, आणि बोलणार बास्केटबॉलवर. पण नॉर्थ कॅरोलायनात राहून त्या खेळापासून सुटका नसते हो. आम्ही इथल्या कॅरी गावात आलो तेव्हा लोक दोनच गोष्टी विचारायचे, कुठल्या चर्चला जाता आणि कुठल्या कॉलेजच्या बाजूचे. चर्चचा प्रश्न आम्ही हसून टोलवला. दुसऱ्याचं उत्तर ह्यांनी पहिल्याच हिवाळ्यात देऊन टाकलं, आणि दुसऱ्या बाजूच्या आमच्या शेजाऱ्याने मार्चमधली स्पर्धा संपेपर्यंत आमच्याशी बोलणं टाकलं.

तेव्हाचा कॉलेजचा खेळ वेगळाच होता. एखादा संघ थोडा पुढे गेला की चेंडू धरूनच बसायचा. ह्याने त्याला द्यायचा, त्याने ह्याला — लग्नाच्या बैठकीत मानपानाचा विषय फिरतो ना, तसा नुसता फिरत राहायचा. हे रिसर्च पार्कातल्या ऑफिसातून ड्राइव्ह करून दमून आलेले, सोफ्याच्या काठावर बसून करवादायचे, अरे टाक ना बाबा, टाक. मग ऐंशीच्या दशकात मधेच केव्हातरी नियम आला, की ठरलेल्या सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकायलाच हवा. मागोमाग ती लांबची रेष आली. तिच्या बाहेरून टाकला तर दोनाऐवजी तीन गुण. हे म्हणाले, संपला आता हा खेळ, पार वाटोळं केलं. आणि त्याच रविवारी ड्राइव्ह-वेवर खडू घेऊन ओणवे होऊन तीच रेष आखत होते. शलाकासाठी.

शलाका आमची एकुलती एक. इथे आलो तेव्हा कडेवर होती. सातवी-आठवीत गेली आणि अशी सुटली, की वर्गातले मुलगे तिच्या खांद्याला. ह्यांनी गॅरेजवर रिंग ठोकून दिली होती, तिथे ती शाळेतून आली की अंधार पडेपर्यंत. तो चेंडूचा आवाज — धप, धप, धप — मी त्या आवाजावर कणीक मळलीय, वर्षानुवर्षं. मुलींचे कॉलेजचे सामने बघायला हे तिला घेऊन जायचे. तिथे बसायला कुठली जागा निवडावी हाच प्रश्न पडायचा, इतकं रिकामं. खेळणाऱ्यांचे आईवडील, दोन-चार म्हातारी जोडपी, आणि आमचे हे डब्यातला चिवडा खात. घरी आले की दोघांच्या गप्पा संपायच्या नाहीत. मला त्या गप्पांतलं काही कळायचं नाही, पण पोळ्या लाटताना कान तिकडेच असायचे. ते दिवस मला मिळाले याबद्दल मी देवाची किती ऋणी आहे हे कसं सांगू?

उंची तिला माझ्याकडून आली. आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि इथेच मी अडखळते.

आमच्या वेळी मुलीची उंची हा काही गुण नव्हता. मला बघायला यायचे तेव्हा आई आतून बजावायची, जरा वाकून ये गं, पटकन बस, पुन्हा पुन्हा उठू नकोस. मी पोह्यांचा ट्रे घेऊन अशी गुडघ्यांत दुमडून चालायची की बशा सांभाळू की स्वतःला सांभाळू. पोहे खायचे, गाणं येतं का विचारायचे, कळवतो म्हणायचे. आणि कळवायचे नाहीत. न कळवणं म्हणजेच नकार, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? एका मुलाची आई तर जिन्यातच म्हणाली, हार घालायला शिडी लागायची हो आमच्या बाळूला. मी दाराआड होते. किती झाले ते मोजणं आईने सोडून दिलं होतं. मग हे आले. माझ्याहून बोटभर कमीच. पोहे संपवून सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, मला पसंत आहे, तुम्हाला मी चालेन का? मला असं विचारणारा तो पहिला माणूस. त्या एका वाक्यावर मी सातासमुद्रापार आले. पण पाठीत ते वाकणं राहिलंच. शलाका लहानपणी विचारायची, आई, तू अशी का चालतेस, तुझं काही हरवलंय का खाली?

तर शलाका शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली. शाळेत तिला खेळ शिकवणारे सर खरे भूगोलाचे, कुणीतरी शिकवायला हवं म्हणून शिकवणारे. भला माणूस. त्यांचा फोन आला, की डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजच्या कोच, बाईच आहेत, त्यांनी शलाकाचे दोन सामने पाहिलेत आणि त्यांना आमच्या घरी यायचंय. मी म्हटलं, घरी? घरी कशाला? हे हसायला लागले. म्हणाले, अगं इथली रीतच आहे ती. घरी येतात, मुलीला बघतात, आईवडिलांशी बोलतात, मग कळवतात.

आता मला सांगा, बघायला येणार, मग कळवणार — मी काय करणार होते? मी पोहे केले. घर आवरलं, बरे कप काढले, शलाकाला सलवार-कमीज घाल म्हणून मागे लागले. ती म्हणाली, "मॉम, धिस इज नॉट अ वेडिंग." आणि जीन्स घालून बसली. हे पडद्याआड मला म्हणाले, तू तर मुलीकडचीच झालीस की. मी म्हटलं, मग मी आहे कोण?

कोचबाई जुनी, लांबुडकी गाडी चालवत कितीतरी तासांचा रस्ता एकट्या करून आल्या. दार उघडलं आणि मी थबकले. अमेरिकेत उंच बायका पुष्कळ पाहिल्या होत्या, पण माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर ज्यांचे डोळे यावेत अशा बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. खांदे रुंद, गुडघ्यावर जुन्या ऑपरेशनची शिवण, आवाज मऊ. चपला दाराशी काढतात हे आमच्या चपला बघून आपणहून ओळखलं. पोहे दोनदा घेतले. कढीपत्ता मात्र एकेक पान वेचून बशीच्या कडेला नीट लावून ठेवला. शलाकाला गाणं येतं का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं काय, तर हरल्यावर तू काय करतेस. शलाका म्हणाली, रिंगखाली जाते आणि सुटलेले शॉट परत टाकते. बाई खुशीत आल्या. तिला उभं केलं, तिचा तळवा स्वतःच्या तळव्याला लावला, बोटं मोजली आणि मोठ्याने हसल्या. बघायला आलेल्या माणसाने मुलीचा हात इतक्या आनंदाने धरलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

जाताना दाराशी त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "ही उंची तुमची आहे तर. थँक यू."

थँक यू. माझ्या उंचीसाठी.

शलाका त्या आठवड्यात फोनजवळून हलली नाही. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, लांब गुंडाळ्याच्या वायरचा. घरात एकच. दुपारी ती शाळेत असताना तो वाजला. मी एकटीच होते. पलीकडे कोचबाई. आनंदात होत्या. म्हणाल्या, आम्हाला शलाका हवी आहे, तिची जागा धरून ठेवलीय, संध्याकाळी तिच्याशीच बोलेन, पण आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी मला सांगावंसं वाटलं त्यांना. तेवढ्या मानाच्या बदल्यात मी काय दिलं ऐका. मी म्हटलं, शलाकाने ठरवलंय, तिला खेळायचं नाही, तिला अभ्यास करायचाय. माझं इंग्रजी एरवी गॅस कंपनीशी बोलताना अडखळायचं. त्या दिवशी एक शब्द अडखळला नाही. मी म्हटलं, ती भिडस्त आहे, तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला तिला जड जातंय, म्हणून मी सांगतेय. कृपा करून तिला विचारू नका. मग त्या म्हणाल्या, तुमची खात्री आहे ना? मी म्हटलं, मी तिची आई आहे.

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन केला. मी पुन्हा तेच बोलले. स्थळ नाकारताना आपण कसं म्हणतो, पत्रिका जुळत नाही, मुलीला इतक्यात करायचं नाही — गोड बोलायचं, दार लावून घ्यायचं. ही विद्या मला पुरेपूर येत होती. फक्त ती माझ्यावर वापरलेली होती, मी कधी वापरली नव्हती.

शलाकाला मी काही सांगितलंच नाही. सांगायची गरजच काय? गप्प राहिलं की पुरतं. तिने एक आठवडा वाट पाहिली, दुसरा पाहिला, मग एका संध्याकाळी ओट्याशी येऊन विचारलं, आई, त्यांचा फोन आला नाही ना? मी भांडी घासत होते. म्हटलं, नाही गं बाळा. आपल्याकडे कळवलं नाही म्हणजे नकारच समजतात. कोचबाईंनी भूगोलाच्या सरांना मी सांगितलेलं कारण कळवलं असणारच. सरांनी शलाकाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "इट्स ओके, किड." त्यांना वाटलं तिने नाही म्हटलंय. तिला वाटलं तिला नाही म्हटलंय. दोघं एकमेकांचं मन राखायला पुढे काही बोललेच नाहीत.

आणि मग मी त्याहूनही वाईट केलं. ती रात्रभर उशीत तोंड खुपसून पडलेली, आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत तिला माझे नकार सांगितले. ट्रे, वाकणं, बाळूची आई, शिडी — सगळं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. म्हटलं, बघ, नकाराने माणूस मरत नाही. नकार म्हणजे फक्त नकार, तू कोण आहेस ते त्यावरून ठरत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत खरी गोष्ट मी माझं सगळ्यांत मोठं खोटं शिवायला वापरली. ती मला बिलगून रडली. मीही रडले. ते रडणं खरं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिने चेंडू गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवला. पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत गेली, तिथे कुणीतरी म्हणालं ट्रायआउटला, संघाच्या निवडीला ये, पण ती गेली नाही. एका जाणत्या बाईने हात हातात घेऊन पाहिलं आणि नको म्हटलं, मग आपण काय ते ओळखावं — असं ती ह्यांना म्हणाली. हे पुष्कळ दिवस त्या रिंगकडे बघत राहिले. पावसाने खडूची रेष धुऊन गेली ती त्यांनी परत आखली नाही.

का केलं मी असं? मी स्वतःला पुष्कळ उत्तरं देऊन पाहिली. मंडळाच्या गणपतीत एक काकू म्हणाल्या होत्या, मुलगी अर्ध्या चड्डीत गावोगाव बसने हिंडणार, आणि मग पुढे लग्नाचं काय? बरीच वर्षं मी ते पाप त्या काकूंच्या पदरात घातलं. बिचाऱ्या कधीच्या गेल्या. मग म्हटलं, अभ्यासासाठी केलं. आपली माणसं इथे शिक्षणावर आली, शिक्षणावर उभी राहिली, खेळाचं काय खरं? हे तर मंडळात कुणीही मान डोलावून मान्य केलं असतं. पण मला माहीत होतं ते खरं नाही.

खरं असं आहे. त्या बाई दाराशी थँक यू म्हणाल्या, तेव्हा मला आधी आनंद झाला — इतका, की डोळे भरून आले. आणि लगेच मागून दुसरं काहीतरी आलं. ही उंची मी जन्मभर लपवली. ह्याच हातांनी पोह्यांचे ट्रे धरले आणि ह्याच उंचीमुळे पोहे खाऊन गेलेल्यांनी कधी कळवलं नाही. आणि हिच्या वाट्याला ही उंची बक्षीस म्हणून आली? हिला कुणी वाक म्हणत नाही, उलट उभी राहा म्हणतात? मला हेवा वाटला. पोटच्या पोरीचा हेवा. फोन वाजला तेव्हा माझ्या तोंडून मी बोलत नव्हते, सांगलीच्या जिन्यात दाराआड उभी असलेली ती मुलगी बोलत होती — असं म्हणायला छान वाटतं. पण रिसीव्हर माझ्या हातात होता. मी चांगली चाळिशीतली बाई होते.

आता सगळंच बदललंय. तेव्हा चेंडू धरून बसणारे ते संघ गेले; आता त्या लांबच्या रेषेच्या बाहेरून कुणीही उठतं आणि टाकतं. मुलींच्या सामन्यांना तिकिटं मिळत नाहीत. खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जातात, त्यांचे फोटो जाहिरातींत येतात, लहान मुली त्यांच्या नावाचे शर्ट घालून फिरतात. आणि कोच हल्ली थेट मुलीच्या फोनवर मेसेज करतात. मधे स्वयंपाकघरातला फोन नाही, मधे आई नाही. मी केलं ते आज करायचं म्हटलं तरी कुणाला करता येणार नाही. फार चांगलं झालं. मनापासून सांगते, या खेळात झालेला सगळ्यांत चांगला बदल हाच.

शलाका फार्मसिस्ट झाली. माझ्यापासून गाडीने दहा मिनिटांवर राहते. हे गेल्यापासून रोज संध्याकाळी येते, औषधांच्या डब्या भरते, माझ्याशी भांडते, हसवते. इतकी गुणी मुलगी मला का मिळाली? मी काय केलं होतं असं? शनिवारी ती कम्युनिटी सेंटरच्या जिममध्ये छोट्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. चेंडू परत हातात घेतला तो चाळिशी उलटल्यावर. मी कधी कधी बाकावर बसून बघते. संघात निवड न झालेली एखादी मुलगी रडायला लागली, की शलाका तिच्यासमोर उकिडवी बसते आणि तिला इंग्रजीत सांगते — मलाही एका कॉलेजने नाही म्हटलं होतं. माझ्या आईने मला त्या रात्री सांगितलं, नकार म्हणजे फक्त नकार. मुली वळून माझ्याकडे बघतात. एकीने मला हात केला. मीही केला.

गेल्या हिवाळ्यात ती मला मुलींच्या सामन्याला घेऊन गेली. ज्या गावात हे रिकाम्या बाकांवर चिवडा खायचे, तिथेच, पण एक खुर्ची मोकळी नव्हती. संघ आत आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. शलाकाने माझ्या कोपराला धरून मला उठवलं. म्हणाली, "आई, ताठ उभी राहा ना, दिसणार कसं तुला?" मी ताठ झाले, जमेल तेवढी. खाली कोर्टवर त्या उंच उंच पोरी धावत होत्या, काय देखण्या दिसत होत्या, आणि हजारो माणसं त्यांच्यासाठी ओरडत होती. माझं मन इतकं भरून आलं, की क्षणभर मी सगळं विसरले.

तेवढ्या गोंगाटात ती माझ्या कानाशी वाकली. म्हणाली, "तू त्या रात्री जवळ नसतीस ना, तर मी त्या नकारातून उठलेच नसते. कधी बोलले नाही. थँक यू, आई."

मी म्हटलं, "असू दे."

एवढंच म्हटलं. खाली सामना सुरू झाला होता, ती बघायला लागली. मीही बघत राहिले.

शलाका, नकार आलाच नव्हता. त्या बाईंना तू हवी होतीस.